दोरीवरचा पांढरा शर्ट

क्लीथॉर्प्स,
सप्टेंबरातला रविवार

प्रिय रोलंड,

पत्र कुणाचं ते बघायला तू आधी शेवटचं पान उलटशील. तुझी सवय मला ठाऊक आहे. उलटून झालं असेल तर आता परत इथे ये. नेव्ह ठीक आहे. इतक्या वर्षांनी आपल्या गावाकडून पत्र आलं म्हणजे कुणीतरी गेलं असणार, असं तुला वाटलं असेल, म्हणून हे पहिल्यांदा लिहून टाकते. तुझा पत्ता तुझ्या बहिणीने दिला. ग्रिम्सबीच्या बाजारात भेटली होती, हातात कोबी घेऊन. म्हणाली, "तो तिकडे कॉर्नवॉलात टेकडीवर एकटाच राहतो आणि दिवसभर कुत्र्याशी गप्पा मारतो." मी म्हटलं, "कुत्रा मध्ये बोलत नाही ना, म्हणून जमत असेल त्याचं." ती हसली. मग जरा थांबून म्हणाली, "लिही गं त्याला." त्यालाही आता महिना होऊन गेला. हे पत्र मी तुकड्यातुकड्यांनी लिहिणार आहे, तेव्हा मध्येच अक्षर बदललं तर दुसऱ्या कुणी लिहिलंय असं समजू नकोस.

नेव्हचे दोन्ही कान गेले. आधी डावा, कारण त्या बाजूला तुमच्या बँडचा ड्रमवाला बसायचा, आणि मग उजवा. यंत्र लावतो कानाला, पण त्यातून त्याला माणसाचं बोलणं म्हणजे बादलीत पडलेल्या चमच्यांसारखं ऐकू येतं म्हणे. मासेवाल्याने "कसा आहेस, नेव्ह?" असं विचारलं की हा "दोन, मध्यम" असं उत्तर देतो, आणि मासेवाला बिचारा दोन हॅडॉक बांधून देतो. त्यामुळे आमच्याकडे मासे फार होतात. तू विचारशील, मग वाजवणं? वाजवतो. रोज. बेस गिटारच्या वरच्या बाजूला ते शिंगासारखं टोक असतं ना, त्यावर हनुवटी टेकवून बसतो. हाडातून येतं म्हणतो, कानापेक्षा चांगलं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं वाजवता वाजवता झोपला. शेवटचा जाहीर कार्यक्रम त्याने लिंकनच्या एका सभागृहात केला. एका गाण्यात तो अर्धा ठोका उशिरा आला. कुणाच्या लक्षातही आलं नाही. ड्रमवर जो तरुण मुलगा होता त्याने सांभाळून घेतलं. घरी येताना गाडीत नेव्ह मला म्हणाला, "त्या पोराने मला सांभाळलं, हेझल. इतकी वर्षं मी सगळ्यांना सांभाळत आलो." त्यानंतर कुणी बोलावलं तरी गेला नाही. रडला वगैरे नाही. तुला माहीतच आहे, त्याचं सगळं आतल्या आत.

आणि त्याच आतल्या आतविषयी मला तुला लिहायचं आहे. तुला कधी कुणी सांगितलं नाही, आणि तुला ते कळायला हवं होतं.

नेव्हच्या भावाला, लेनला, मी पाहिलं नाही. मी नेव्हच्या आयुष्यात आले त्याच्या आधीच तो गेला होता. तू पाहिलंस. तुझ्या तोंडूनच मी त्याच्या गोष्टी ऐकल्या: फिकट निळा सूट घालून मासेमारीच्या ट्रॉलरवरून उतरायचा, दोन दिवस राजासारखा गावभर टॅक्सीने हिंडायचा आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा आइसलंडच्या समुद्रावर. नेव्हला तुझ्यासारखी सहा तारांची गिटार हवी होती, आणि लेनने दुकानातून हा बेस उचलून आणला. "रोलंडला पुढे मिरवू दे," म्हणाला. "तू हा घे. चारच तारा आहेत, तुझ्या डोक्याला झेपतील." सासूबाई स्वयंपाकघरातून ओरडल्या होत्या, "बंदरावरचा भोंगा कमी पडतो म्हणून हा दुसरा आणलास का रे घरात?" आणि मग त्यांनीच त्या बेसला धूळ लागू नये म्हणून जुन्या पडद्याची खोळ शिवली. हे सगळं तू मला पहिल्याच भेटीत सांगितलंस, आणि नेव्ह शेजारी बसून कपातला चहा ढवळत होता. मला वाटलं, भाऊ याचा आणि आठवणी तो का सांगतोय?

मी तेव्हा माशांना धुरी देण्याच्या कारखान्यात होते. केस कितीही धुतले तरी धुराचा वास जायचा नाही. तुमचा कार्यक्रम चर्चच्या हॉलमध्ये होता, मैत्रिणीने ओढत नेलं. सगळ्या पोरी तुझ्याकडे बघत होत्या, रोलंड, आणि तुलाही ते चांगलं माहीत होतं. मी नेव्हकडे बघत होते, कारण तुमच्या चौघांत तो एकटाच चुकत नव्हता. तू ताल सोडून पुढे पळायचास, तो तुला हळूच परत ओढून आणायचा, आणि लोक टाळ्या तुला द्यायचे. बाहेर आल्यावर मी त्याला म्हटलं, "तुम्ही नसता तर सगळं कोसळलं असतं." तो लाल झाला आणि म्हणाला, "तुम्हाला ऐकू आलो मी?" मी तिथेच ठरवून टाकलं.

मग लंडनची ती रेकॉर्ड कंपनी, तो पहिला करार, "लाइटशिप्स" हे बँडचं नाव, आणि ती गाडी, जिचं मागचं दार दोरीने बांधावं लागायचं. गाणी सगळी नेव्हने लिहिली. तुला ते कधी लपवावंसं वाटलं नाही, हे मी नेहमी तुझ्या बाजूने सांगते. मंचावर तू दर वेळी म्हणायचास, "हे लिहिलंय त्या खांबाने," आणि मागे बोट दाखवायचास. खांबच होता तो. उभं राहायचं, वाजवायचं, खाली बघायचं. पण रात्ररात्र गाडीच्या मागच्या सीटवर बसून शब्द जुळवायचा, आणि सकाळी तुझ्या हातात कागद द्यायचा. तू विचारायचास, "कशावर आहे हे?" आणि तो म्हणायचा, "म्हण तर खरं."

"दोरीवरचा पांढरा शर्ट"ही त्याने तुला असंच दिलं. वाऱ्याने बाह्यांत हात घातलेत पण आत कुणीच नाही, ही ओळ तू पहिल्यांदा म्हटलीस तेव्हा मी स्टुडिओत काचेच्या अलीकडे बसले होते, माझ्या अंगावर काटा आला. तुला ते सोडून गेलेल्या प्रेयसीचं गाणं वाटलं. मलाही तेच वाटलं. मी तर मनातल्या मनात शोधत होते की ही कोण बया. सगळ्या देशाला तेच वाटलं. ते गाणं लागलं की माणसं बिअरचा ग्लास खाली ठेवायची. तू डोळे मिटून गायचास, आणि नेव्ह दर वेळी शेवटच्या कडव्याला प्रेक्षकांकडे पाठ करून उभा राहायचा. वर्तमानपत्रवाल्यांनी लिहिलं, बेसवाल्याची ही खास अदा आहे. अदा कसली, रोलंड. तो रडायचा.

आता ते सांगते जे सांगायला मी बसले आहे. मी हे चोरून लिहीत नाही. गेल्या आठवड्यात मी त्याला समोर बसवून विचारलं, रोलंडला लिहू का, शर्टाचं सांगू का? तो ओठ बघत होता माझे. मग म्हणाला, "सांग. सगळं सांग. माझ्याने नाही होणार."

तू किराणा दुकानदाराचा मुलगा, तुमच्याकडे सोमवार म्हटला की धुणं. पण समुद्रावर जाणाऱ्यांच्या घरात ज्या दिवशी माणूस निघतो त्या दिवशी एक रुमालसुद्धा धूत नाहीत. धुतलं की माणूस धुऊन गेला, असं मानतात. निरोपाला हात हलवत नाहीत, धक्क्यावर जात नाहीत, धुणं धूत नाहीत. लेन शेवटचा निघाला तो फेब्रुवारीतला दिवस, आणि त्याच संध्याकाळी तुमचा पहिला पैसे घेऊन केलेला कार्यक्रम होता. आठवतोय? बंदरामागच्या नाचाच्या हॉलमध्ये. तूच सांगितलं होतंस, सगळ्यांनी पांढरे शर्ट घालायचे. नेव्हकडे एकच पांढरा शर्ट, आणि त्याच्या कॉलरवर शाईचा डाग. सासूबाई कामावर गेल्या होत्या. लेनची बोट पहाटेच्या भरतीला निघून गेली होती. नेव्हने नळाखाली शर्ट धुतला आणि मागच्या अंगणात दोरीवर टाकला. अठरा वर्षांचा होता. त्याला वाटलं, बोट तर गेली, आता काय.

सासूबाई दुपारी आल्या. त्यांनी खिडकीतून दोरी बघितली. बाहेर गेल्या, शर्ट काढला, इस्त्री केली आणि नेव्हच्या पलंगावर घडी करून ठेवला. तो घालून त्या संध्याकाळी त्याने वाजवलं. पंधरवड्याने लेनच्या बोटीचा रेडिओ बंद पडला. तिच्या दोरखंडांवर, डोलकाठ्यांवर बर्फ चढला असणार, असं नंतर सगळे म्हणाले. बर्फाच्या वजनाने बोट कलंडते. ना बोट मिळाली, ना माणसं. आणि सासूबाई त्यानंतर जितकी वर्षं जगल्या तितकी वर्षं त्या शर्टाविषयी अवाक्षर बोलल्या नाहीत. नेव्ह मला म्हणाला होता, "तिने एकदा थोबाडीत मारली असती ना, तरी मी सुटलो असतो." तो जे बोलू शकला नाही ते त्याने लिहिलं, आणि तुझ्या गळ्यातून आईपर्यंत पोचवलं. त्याला स्वतःला गाता येत नव्हतं, म्हणून नव्हे. स्वतःच्या तोंडाने त्याला ते कधीच म्हणता आलं नसतं. तुझा आवाज त्याला त्यासाठी हवा होता. हे त्याने तुला सांगायला हवं होतं, मी त्याला कितीदा म्हटलं आहे.

मग ती कपडे धुण्याच्या पावडरची जाहिरात. गाण्यांचे हक्क त्याने पोरवयात न वाचता सही करून कंपनीला दिले होते, त्यामुळे कंपनीने त्याला विचारलंच नाही. तुला फोन केला, निव्वळ शिष्टाचार म्हणून, आणि तू हो म्हणालास. का म्हणू नये? तुला काय माहीत? आम्ही तेव्हा सासूबाईंकडे जेवायला गेलो होतो. टीव्हीवर ती जाहिरात लागली: हिरवळ, हसणारी बाई, दोरीवर पांढरेशुभ्र शर्ट, आणि मागे तुझा आवाज. सासूबाई उठल्या, टीव्ही बंद केला आणि म्हणाल्या, "चहा टाकते." एवढंच. पण चहा न टाकता त्या खिडकीशी जाऊन अंगणातल्या दोरीकडे बघत उभ्या राहिल्या, आणि तेव्हा नेव्हला कळलं की त्यांना ते गाणं कशाचं आहे ते पहिल्यापासून ठाऊक होतं.

दोन दिवसांनी तुमचा न्यूकॅसलला कार्यक्रम होता. पुढचं तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. तू कपडे बदलायच्या खोलीत आलास, नेव्हच्या पाठीवर थाप मारलीस आणि म्हणालास, "खांबा, आता आपलं गाणं देशातल्या प्रत्येक धुण्याच्या टबात!" तू थट्टेने म्हणालास. नेव्हने बेस पेटीत ठेवला, पेटी बंद केली आणि स्टेशनवर गेला. तू मागे आलास आमच्या दारापर्यंत, पुढच्या आठवड्यात. मी तुला खरं ते सांगितलं, तो वर आहे आणि खाली येणार नाही. तू रस्त्यात उभा राहून ओरडलास, "अरे, निदान शिवी तरी दे! माझं काय चुकलं ते तरी सांग!" तो वर पलंगावर बसला होता, हात मांडीवर ठेवून. शेजारच्या बाईने खिडकी उघडली, तेव्हा तू गेलास. मला तेव्हा शर्टाचं काहीच माहीत नव्हतं, नाहीतर मी रस्त्यात धावत आले असते. मला त्याने सांगितलं ते सासूबाई गेल्यावर, समुद्राच्या भिंतीवर बसून, कागदातले चिप्स थंड होऊन गेले तोवर. तो सांगत होता आणि समोरची ओहोटी लांब लांब जात होती. त्याचा राग तुझ्यावर नव्हता, असं तो म्हणतो. मी म्हणते, थोडा होता. पण खरं सांगायचं तर त्याला तुझ्यासमोर उभं राहायची लाज वाटत होती. आपण भावाचं मरण गाणं करून विकलं, असं त्याला वाटू लागलं होतं. मग वर्षं गेली, आणि वर्षं गेली की माणूस लाजेचीच सवय करून घेतो.

तुझ्या नंतरही त्याने पुष्कळ काम केलं, हे तुला कुठेकुठे दिसलं असेल. लंडनला जाऊन दुसऱ्यांच्या रेकॉर्डवर वाजवायचा, नाव मागच्या बाजूला बारीक अक्षरात. मुलगी झाली, रेचल, तेव्हा तिला झोपवायला बेस वाजवायचा. खालचे सूर ऐकून ती गपकन झोपायची, शेजारी मात्र जागे व्हायचे. ती आता ऑस्ट्रेलियात असते, पर्थला. चाळिशीनंतर त्याने एका आयरिश गायिकेसाठी गाणी लिहिली, ती चांगली चालली. एकदा कुठल्याशा मासिकाने देशातल्या उत्तम बेसवाल्यांत त्याचं नाव छापलं, तेव्हा त्याने ते पान फाडून त्यात मासे गुंडाळले. मी त्याला म्हटलं, "मूर्ख आहेस." तो म्हणाला, "मासे ताजे होते." मुलगे येतात अजून, दाढ्या वाढवलेले, त्याच्या बोटांकडे बघत बसतात. तो त्यांना एकच गोष्ट शिकवतो: दुसऱ्याचं ऐका. स्वतःला ऐकू येत नाही आणि दुसऱ्यांना ऐका म्हणून सांगतो. पण एक सांगते. तुझ्यानंतर त्याने कधीही कुणाबरोबर हसत वाजवलं नाही. चांगलं वाजवलं, चोख वाजवलं. हसत नाही.

आता मी हे का लिहिलं ते. उन्हाळ्यात माझं पोट दुखायला लागलं, खाणं जाईना. शेजारची ग्लेनिस मला गाडीने तपासायला नेत होती, पण निकालाच्या दिवशी मी नेव्हला बरोबर नेलं. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, फार मायेने बोलल्या. नेव्हला एक अक्षर ऐकू आलं नाही. तो त्यांच्याकडे बघून मान डोलवत राहिला. स्वादुपिंडात गाठ आहे, आणि ती पसरली आहे. त्या म्हणाल्या, ख्रिसमसचे बेत जरूर करा, त्यापुढचे नकोत. बाहेर गाड्यांच्या मैदानात मी नेव्हला समोर उभं केलं आणि सावकाश सांगितलं, ओठ नीट हलवून. तो म्हणाला, "पुन्हा सांग." मी पुन्हा सांगितलं. त्याला पहिल्या वेळीच कळलं होतं, रोलंड. त्याने माझ्या कोटाचं वरचं बटण लावलं आणि गाडीत जाऊन बसला, आणि तेव्हापासून तो त्याविषयी एक शब्द बोललेला नाही. मला मरायची भीती वाटते, थोडी. पण त्याच्या ह्या गप्प बसण्याची जास्त वाटते. आईसमोर तो पंधरा वर्षं गप्प बसला, तुझ्याशी त्याहून जास्त. मी होते म्हणून त्याच्या तोंडून चार शब्द निघायचे. मी गेल्यावर ते दार बंद होईल आणि तो आत बसून राहील. रेचल म्हणते पर्थला घेऊन जाते. तो जाणार नाही, त्याला हा गढूळ समुद्रच लागतो. ग्लेनिस जेवण आणून देईल, पण तिला लेन कोण ते माहीत नाही. ते आता फक्त तुला माहीत आहे. तू त्याला क्षमा कर किंवा तो तुला करेल, असलं काही मी मागत नाही. तुम्ही दोघेही म्हातारे झालात, हिशेब पुरे. तू कुत्रा घेऊन ये, मागची खोली मी झाडून ठेवली आहे. त्याच्याशी भांड, त्याच्या वाजवण्याला नावं ठेव, त्याला ताल सोडून पळून दाखव. मी असताना आलास तर तिघं मिळून जेवू, मासे भरपूर आहेत. नंतर आलास तरी चालेल. पण ये.

तुझीच,
तुझ्याकडे न बघणारी ती एकच पोरगी,
हेझल